शिंप्याच्या पोटातल्या शिरेची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी शीर आहे. एका शिंपीमास्तरांच्या पोटात, यकृताच्या अगदी दाराशी माझा मुक्काम आहे. डॉक्टर मला ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. मास्तरांना माझं नावच काय, मी आहे हेसुद्धा पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आज मी रागावले आहे, आणि राग गिळून गोड गोड गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

तुम्ही विचाराल, पोटात राहणाऱ्या शिरेला बाहेरचं कसं कळतं? भिंतींना कान असतात असं तुम्हीच म्हणता ना? मग पोटाने काय घोडं मारलंय? शिवाय रक्त डोळ्यांतून, कानांतून, बोटांच्या टोकांतून फिरून येतं आणि येताना साऱ्या बातम्या घेऊन येतं.

मास्तर आईच्या पोटात होते तेव्हाच मी घडले. ते जन्मले, पहिलं दूध प्यायले आणि माझी खरी नोकरी सुरू झाली. आतड्यांमधलं रक्त अन्नातलं सत्त्व उचलतं, ते मी यकृताकडे पोचवते. प्लीहेकडचं रक्तही माझ्यातूनच जातं. यकृत त्यातलं हवं ते ठेवतं, घाण निवडून काढतं, आतड्यातून चुकून आलेले जंतू मारतं आणि साफ रक्त हृदयाकडे पाठवतं. धमन्यांसारखी मी थाडथाड उडत नाही. माझं चालणं संथ आणि एकसारखं असतं. यकृताला मिळणारं बहुतेक रक्त माझ्याकडूनच जातं. तरी शाबासकी कुणाला? हृदयाला! गाणी त्याच्यावर, शपथाही त्याच्याच.

मास्तरांचं दुकान लहान होतं. पुढे कापायचं टेबल, खिडकीशी शिलाई मशीन, मागे इस्त्री. मास्तर कापायला बसत आणि त्यांची बायको काज-बटणं करी. मास्तरांची कात्री कधी चुकली नाही. दारूचा तर थेंबही त्यांनी कधी घेतला नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण पोटात जे जातं त्याची खबर मला लागतेच. माझ्यापेक्षा मोठा साक्षीदार तुम्ही कुठून आणणार?

घात दुसरीकडूनच झाला. मास्तर लहान असताना, बहुधा नीट न उकळलेल्या इंजेक्शनच्या सुईतून, कावीळ करणारा एक विषाणू त्यांच्या रक्तात शिरला आणि यकृतात ठाण मांडून बसला. आजार हत्तीच्या पावलांनी येतो असं म्हणतात. हा मुंगीच्या पावलांनी आला. यकृताला जखमा होत, त्या भरत आणि भरलेल्या जागी कडक वण राहत. वर्षानुवर्षं हेच चाललं. मऊसूत यकृत चिवट आणि गाठाळ झालं.

आता माझी दशा ऐका. मागून रक्ताचा लोंढा येतोय आणि पुढचं दार अर्धवट लागलेलं! माझ्यातला दाब वाढला. प्लीहा सुजली. कोंडलेलं रक्त आडवाटा शोधू लागलं आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या नाजूक शिरा फुगून टम्म झाल्या. तेवढ्यात आतड्यांच्या धमन्या सैल पडल्या आणि माझ्याकडे आणखी रक्त सोडू लागल्या. मी आगीतून फुफाट्यात पडले. पोटात रक्ताची गर्दी आणि बाकीच्या शरीरात चणचण. मूत्रपिंडांना वाटलं, रक्तच आटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मीठ आणि पाणी धरून ठेवलं. ते पाणी पाझरून पोटात साचू लागलं.

मास्तर एकदा डॉक्टरकडे गेले, नाही असं नाही. त्या डॉक्टरने पोट चाचपलं आणि पहिलाच प्रश्न केला, “रोज किती घेता?”

“कधीच नाही,” मास्तर म्हणाले.

“सगळे असंच म्हणतात,” तो हसून म्हणाला. रक्त तपासायचं तो विसरला, उपदेश करायला मात्र विसरला नाही.

त्याच आठवड्यात घरात जेवताना मास्तरांच्या मेहुण्याने त्यांच्या पिवळट डोळ्यांकडे पाहिलं. बायकोचा हा भाऊ त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव. “काय भाऊजी, लपूनछपून चालू दिसतंय!” तो म्हणाला आणि सगळे हसले. मास्तरही हसले. पण ते पुढचा घास न घेताच उठले, हे मला ठाऊक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! त्या दिवसापासून मास्तरांनी आपल्या दुखण्याबद्दल कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग त्यांनी ती चूक केली. अशी चूक शिंपीच करू जाणे. पोट वाढू लागलं तशी त्यांनी आपल्या पँटची कंबर उसवली आणि आतलं राखीव कापड सोडून पुन्हा शिवली. पोट आणखी वाढलं, मग मागे त्याच रंगाची पट्टी घातली. इकडे दंड वाळत होते, खांदे उतरत होते. त्यांनी सदऱ्यांच्या बाह्या आत घेतल्या, खांदे आखूड केले. काम इतकं सफाईचं, की कपडे अंगावर चपखल बसायचे. गिऱ्हाईकं म्हणायची, “मास्तर, तब्येत सुधारली!” लोकांच्या कपड्यातला दोष झाकायची सवय असलेल्या माणसाने आपला आजार शिवून टाकला होता. मी आत तडफडत होते आणि वर टाके घातले जात होते. मला त्या कात्रीचा इतका राग यायचा!

एके दिवशी त्यांच्या बायकोने इस्त्रीला घेतलेली पँट उलटी केली. कमरेशी जुन्या टाक्यांची भोकं एकाखाली एक दिसत होती. तिने सदराही उलटा केला. मग दोन्ही कपडे टेबलावर पसरून ती मास्तरांसमोर उभी राहिली.

“अहो, हे काय आहे?”

“गॅस होतो गं. कंबर जरा सैल केली.”

“गॅसने दंड बारीक होतात होय? कंबर वाढते आणि बाही कमी होते, असं माप कुठल्या धडधाकट माणसाचं असतं?”

“शाळेचे गणवेश द्यायचेत. ते झाले की जाऊ.” मास्तर मशीनकडे वळले.

पण माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. रक्त कोंडल्याने आतड्यांची भिंत आधीच कच्ची झाली होती. तिच्यातून जंतू निसटले आणि पोटात साचलेल्या पाण्यात वाढू लागले. मास्तरांना हुडहुडी भरली, ताप चढला, पोट दुखू लागलं. त्यांनी तापाची गोळी गिळली आणि ते पुन्हा मशीनवर बसले. दुखणं अंगावर काढण्यात काय मर्दुमकी आहे, ते मला कुणीतरी सांगा हो!

जंतूंशी झुंजताना सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडल्या. रक्तदाब घसरला. पोटात रक्त होतं, पण ते जागच्या जागी रेंगाळत होतं. आतड्यांना प्राणवायू पुरेना, म्हणून त्यांची भिंत आणखी ढिली झाली आणि आणखी जंतू आत घुसले. मूत्रपिंडांचं काम थंडावलं. माझ्यातलं रक्त मंदावत मंदावत शेवटी मागे ढकललं जाऊ लागलं. यकृताकडे जायचं रक्त उलटं फिरणं म्हणजे काय, हे शिरेलाच कळतं. मी घाबरले. मास्तर जाणार, असं मला वाटलं.

यकृताकडून साफ न झालेलं रक्त मेंदूपर्यंत पोचलं. मास्तरांनी गणवेशाच्या सदऱ्याला गळ्याच्या जागी बाही जोडली. बायकोने विचारलं, तर ते तिच्याकडे अनोळखी माणसासारखे बघत राहिले. ज्यांची कात्री कधी चुकली नाही, त्यांचा तो सदरा तिने बाजूला ठेवला. चालू मशीन तिने बंद केलं, भावाला हाक मारून गाडी आणवली आणि मास्तरांना थेट इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ‘किती घेता’ असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “कधीपासून होतंय?” मग पोटावर थंडगार जेल लावून त्यांनी यंत्र फिरवलं आणि पडद्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पाहिलं. “या शिरेवर फारच ताण आहे,” त्या म्हणाल्या. मला रडू यायचंच बाकी होतं. त्यांनी सुईने पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न बघता जंतूंवरचं औषध हाताच्या शिरेतून सुरू केलं. रक्तातलं पाणी रक्तातच राहावं म्हणून प्रथिनांचं सलाईनही लावलं. हळूहळू दाब सावरला. माझ्यातलं रक्त पुन्हा यकृताकडे चालू लागलं. मास्तरांनी डोळे उघडले आणि बायकोला नावाने हाक मारली.

बाहेर मेहुण्याचं तोंड चालूच होतं. “मी तेव्हाच म्हणालो होतो. दारू दुसरं काय करणार?”

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. “दारू नाही,” त्या म्हणाल्या. “जुनी कावीळ आहे, हिपॅटायटिस बी. ती तेव्हाच तपासली असती तर औषधाने ताब्यात राहिली असती. आता वण तसेच राहणार. आयुष्यभर जपावं लागेल. आणि हो, ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून एका घरात राहणाऱ्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. पुढच्या खोलीत रांग आहे.”

मेहुण्याने त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझं कशाला? यकृताच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं, तर काय म्हणेल?”

बायकोने भावाकडे पाहिलं. “काय म्हणेल ते तुला चांगलं ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तूच म्हणाला होतास.”

मेहुणा खाली मान घालून त्या खोलीकडे वळला. मग रांगेत जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, मी पूर्वीसारखी कधीच होणार नाही. फुगलेल्या शिरा कधीही फुटू शकतात आणि मास्तर रोज गोळ्या घेतात. विषाणूचा मला राग आहेच, पण त्याला अक्कल नाही. तुम्हाला आहे. म्हणून एक मागणं मागते. तुमच्या घरात कुणाचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, अंग वाळत चाललं, तर हसू नका आणि खोदून खोदून दोष शोधू नका. त्याचा हात धरा आणि त्याला आजच तपासायला घेऊन जा. आत माझ्यासारखी कुणीतरी वाट पाहत असते, आणि तिला ओरडता येत नाही.