नक्षत्रबाबाची नळी

जानेवारीत आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर नक्षत्रबाबा उतरला आणि शाळेच्या मैदानात जत्राच भरली. अंधार पडला की बाबा आकाशातल्या कृत्तिकांकडे बांबूची नळी धरायचा. नुसत्या डोळ्यांना त्या पुंजक्यात सहा-सात ठिपके दिसतात. नळीतून मात्र तारेच तारे!

"ॐ नक्षत्राय फट्! पुण्यवंताला शंभर तारे, पाप्याला सहाच!" बाबा गरजायचा.

अख्ख्या पाड्यात पापी एकटीच निघाली, अंगणवाडीची लाडकीताई. तापलेल्या पोरांना बाबाचा अंगारा नको, दवाखान्यात न्या, असं ती घरोघर सांगत होती ना! तिला सहाच तारे दिसले. दुसऱ्या दिवशी नवशीने आपली मुलगी अंगणवाडीत पाठवली नाही. मग इतर आयांनीही तेच केलं. शिजवलेली खिचडी तशीच राहिली.

"गुरुजी, असं काय पाप केलं मी?" लाडकीताई माझ्याकडे येऊन रडली.

"अगं, माणूस बघून तारे कमी-जास्त होत नाहीत. गडबड नळीत असणार."

संध्याकाळी डोळे पुसून ती पुन्हा रांगेत उभी राहिली. बाबाने शालीतून नळी काढून दिली.

"सहाच दिसतात," ती म्हणाली. "आता याच नळीतून तुम्ही बघा, बाबा."

बाबाने नळी डोळ्याला लावली आणि भक्तिभावाने डोळे मिटले. "अहाहा! शंभर! दोनशे!"

लाडकीताईने नळीच्या पुढच्या तोंडावर तळहात ठेवला. सगळ्यांना दिसावं म्हणून मी त्या हातावर टॉर्च मारला.

"आता, बाबा?"

"आता तर हजार!"

सगळं मैदान खो खो हसायला लागलं. लाडकीताईने नळी हिसकावून आत काटकी घातली, ती आरपार निघाली. मी शाल ओढली तशी दुसरी नळी खाली पडली. हुबेहूब तशीच, पण हिच्यात दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची एक बाजू बसवलेली! मर्जीतल्याला ही, नावडत्याला पोकळ.

बाबा चपला टाकून हायवेकडे पळाला. लोक दुर्बिणीच्या नळीभोवती जमले.

"पण गुरुजी, हे एवढे तारे आहेत तरी कोण?" माझ्या वर्गातल्या पांड्याने विचारलं.

"एकाच ढगातून जन्मलेली भावंडं. वय दहा कोटी वर्षं, म्हणजे सूर्यापुढे तान्हीच. वय सारखं, वजन मात्र वेगवेगळं. जड तारे निळे, भडक जळतात नि लवकर संपतात. हलके मंद जळून खूप टिकतात. वजनाने ताऱ्याचं आयुष्य कसं ठरतं, हे शास्त्रज्ञ अशा पुंजक्यांवरून शिकले."

"म्हणजे अंगणवाडीच की!" लाडकीताई हसली. "फक्त माझ्याकडे वजन वाढलेलं बरं."

नवशीने बराच वेळ तारे बघितले. मग खालमानेने म्हणाली, "लाडके, उद्या पोरीला पाठवते."

वाचकहो, चमत्कार दिसला तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी एवढंच विचारा, "मी स्वतः तपासून बघू का?" खऱ्याला या प्रश्नाची कधीच भीती वाटत नाही.