भाच्याची सायकल

मामाची वस्तू भाच्याची, हा रिवाज एनिफाला लहानपणापासून ठाऊक होता. माणूस गेला की त्याचा कोट, त्याची कुदळ, त्याचा रेडिओ त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जायचा. मुलींना आईकडचं मिळायचं. इतर घरांत असं होताना तिनं कितीदा पाहिलं होतं, आणि त्यात वावगं काही आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. स्वतःचे वडील गेले आणि ओसरीवरच्या सायकलीकडे बघताना मात्र तिला तो रिवाज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला.

मार्चमध्ये, मक्याची कोवळी कणसं भाजून खायच्या दिवसांत वडील गेले. दुखवट्याला डोंगरावरून आत्याचा मुलगा लास्टन आला होता. परत जाताना त्यानं कोट नेला, रेडिओ नेला. सायकल ट्रकमध्ये मावेना, तेव्हा पुन्हा कधीतरी नेतो म्हणाला. वडील शेतकी सल्लागार होते. तीस वर्षं त्यांनी त्या काळ्या, जड सायकलीवरून गावोगाव फिरून लोकांना खत किती नि कधी घालायचं ते सांगितलं. निवृत्त झाल्यावरही दर थंडीत ते सायकलवरूनच आपल्या जन्मगावी, न्चिसीच्या डोंगरात, जाऊन यायचे. एनिफा तलावाकाठी, सलिमाजवळच्या आईच्या गावात वाढली, तिथल्याच शाळेत शिक्षिका झाली. तो डोंगर तिनं कधी पाहिला नव्हता.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. धाकट्या बहिणीचा नवरा कारकून होता. आता कायदा मुलांच्या बाजूचा आहे, सायकल तिचीच आहे, असं त्यानं दोनदा समजावून सांगितलं. मावशीला कायद्याची गरज वाटत नव्हती. चाक मोडलंय म्हणून कळवून टाक, तो काय डोंगर उतरून बघायला येतोय, असं तिचं म्हणणं.

जुलैत शाळेला सुट्टी लागली तेव्हा एनिफानं लास्टनला फोन केला आणि सायकल घेऊन मीच येते, चालवत येते, असं सांगितलं. तो बराच वेळ हसला.

"अगं ताई, इकडचा चढ असा आहे की आमच्या बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात." मग म्हणाला, "आणि वाटेत मन फिरलं तर तशीच मागे वळ. मी काही शिपाई पाठवणार नाही."

हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं. तो हावरट असता तर सायकल द्यायची किंवा नाही द्यायची, काहीतरी एक रागाच्या भरात ठरून गेलं असतं. आता ठरवायचं सगळं तिच्याच गळ्यात आलं. घरी तिनं सांगितलं, द्यायला चालले आहे. स्वतःला मात्र काहीच सांगितलं नाही.

पहिला दिवस सपाटीचा होता. कापसाची शेतं रिकामी झाली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या, आणि डांबरी सडक सोडल्यावर मातीच्या रस्त्यावर तिच्याखेरीज कुणी नव्हतं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी इतका वेळ एकटं असण्याची तिला सवय नव्हती. वर्गात ऐंशी मुलं, घरी सहा माणसं. पहिल्या तासाभरात ती मनातल्या मनात सगळ्यांशी बोलून घेत होती. मग ती बोलणी आपोआप संपली आणि साखळीचा आवाज तेवढा उरला. दुपारी एका कोरड्या ओढ्यापाशी आंब्याखाली बसून तिनं घरून आणलेली उकडलेली रताळी खाल्ली आणि पाय पसरून झोपली. जाग आली तेव्हा एक म्हातारा आपल्या सायकलीवरून उतरून तिच्या सायकलीची राखण करत उभा होता. तिनं आभार मानले. त्यानं टोपी काढली, घातली आणि निघून गेला.

रात्री ती आईच्या ओळखीतल्या एका दाईकडे राहिली. दुसऱ्या दिवशी चढ सुरू झाला.

रस्ता विचारण्याची खरी परीक्षा तिथं होती. त्या मुलखात वाटसरूला 'लांब आहे' असं कुणी सांगत नाही. त्याचे पाय आधीच दमलेले, त्यात मनही कशाला दमवा. कुणालाही विचारा, उत्तर एकच, जवळच आहे, तिथं. खरं अंतर असतं ते त्या 'तिथं'मध्ये. आखूड 'तिथं' म्हणजे पुढचं वळण. 'तिथंऽ' म्हणजे घामाघूम व्हाल. आणि हनुवटी वर करून, डोळे बारीक करून 'तिथंऽऽऽ' म्हटलं की मुक्कामाचं बघा. तलावाकाठी एनिफाचा कान या हिशेबात पक्का होता. डोंगरातली माणसं मात्र आखूड बोलायची. त्यांचं आखूड 'तिथं' म्हणजे एक अख्खी टेकडी.

तरी तिला चीड आली नाही. उलट प्रत्येक वेळी गाव पुढे सरकलं की बरंच वाटायचं. गाव लांब म्हणजे सायकल अजून हातात. चढावर उतरून ती ढकलत चालायची, उतारावर बसायची, आणि उतारावर वारा असा कानात शिरायचा की ती मोठ्यानं गाऊ लागायची, कारण ऐकायला कुणी नव्हतं. एका वळणावर मात्र ऐकायला होतं. केळी विकणाऱ्या तीन बायका बसल्या होत्या.

"नवरा कुठं पाडलास गं?" एकीनं विचारलं. डोंगरात बायका सायकलच्या मागच्या बाजूला बसतात, पुढच्या नाही.

"चढ लागल्यावर उतरवला," एनिफा म्हणाली. "जड होत होता."

त्यांनी तिला दोन केळी तशीच दिली. तिनं विचारलं, चिम्पेनीचं गाव कुठं; लास्टननं आपल्या गावाचं तेवढंच नाव सांगितलं होतं. तिघींनी ओठ पुढे काढून एकच दिशा दाखवली. तिथं.

या वेळी 'तिथं' खरोखर आखूड निघालं. पाऊण तासात ती चिम्पेनीच्या गावात होती. मुलखातल्या गावांना मुखियाचं नाव असतं, आणि मुखियाचं अंगण कुणीही दाखवतं. तिनं अंगणाच्या कडेला थांबून "ओदी" अशी हाक दिली. आतून "या, या" आलं. सव्वीसएक वर्षांचा एक पोरगेला माणूस आणि त्याची बायको मक्याची कणसं सोलत बसले होते. मुखिया घरात आहेत का, तिनं विचारलं. मीच, तो म्हणाला. मग तिनं लास्टनचं घर विचारलं. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला कोणता चिम्पेनी हवाय?" त्यानं विचारलं. "थोरला मी. धाकटा तिथंऽऽऽ."

"धाकटा म्हणजे किती वर्षांचा?"

"सत्तरीचा असेल. दात नाहीत त्याला."

एनिफाच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. हेही तिला ठाऊक होतंच, फक्त विचारायचं सुचलं नाही. कधीकाळी दोघा सख्ख्या भावांनी दोन गावं वसवली. थोरला मेला की त्याच्या जागी बसेल तो थोरला, धाकटा मेला की त्याच्या जागी बसेल तो धाकटा. जागेबरोबर नाव येतं, नावाबरोबर नातं. त्यामुळे तो बोळका म्हातारा या पोराकडे आला की गुडघे टेकून टाळी वाजवतो आणि त्याला दादा म्हणतो. पहिल्या वर्षी मी लाजून घरात लपायचो, मुखिया सांगत होता, मग म्हातारा बाहेरून ओरडायचा, दादा, बाहेर ये, मला उन्हात बसवू नकोस.

सूर्य कलला होता, पुढे जायचा प्रश्नच नव्हता. मुखियाच्या बायकोनं भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवला आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा पांढराशुभ्र वाढला. जेवताना एनिफानं सायकल का घेऊन चालले आहे ते सांगितलं. वडील, मार्च, भाचा, एवढंच. कायद्याचंही सांगितलं. मग, खूप वेळ मनात असलेलं विचारून टाकावं तसं विचारलं, "दुसऱ्याचं नाव अंगावर घेऊन जड नाही का होत?"

मुखियानं घास खाली ठेवला.

"दुसऱ्याचं कुठं? रस्त्यानं जाणारा माणूस झुडपामागे जातो तेव्हा सायकल कुणाच्या तरी हातात देऊन जातो ना? तसं मी नाव धरून उभा आहे. पुढचा आला की त्याच्या हातात देणार."

"हा धरतो कमी," बायको म्हणाली, "घंटी जास्त वाजवतो."

एनिफाला हसताना ठसका लागला. बायकोनं थोबव्यानं भरलेला पोकळ भोपळा तिच्यापुढे सरकवला. त्या आंबटगोड पेयात मक्याचा कोंडा तरंगत होता. ती पोटभर प्यायली आणि चुलीशेजारच्या चटईवर गाढ झोपली.

सकाळी धुकं होतं. मुखिया तिला कच्च्या वाटेपर्यंत सोडायला आला. तिनं धाकट्याला काय सांगू म्हणून विचारलं. सांग, दादा विचारत होता, तो म्हणाला, आणि हसू दाबत मागे वळला.

दहाच्या सुमाराला ती डोंगराच्या माथ्यावर पोचली. धुकं खाली राहिलं होतं. मागे, फार दूर, तलावाची एक पांढुरकी रेघ दिसत होती. त्याच रेघेपाशी तिचं घर होतं. पुढे लाल रस्ता एका खोल दरीत उतरत होता आणि दरीत पंधरावीस झोपड्यांचा धूर निघत होता. तिनं सायकल एका दगडाला टेकवली आणि बसली. अजून मागे वळता आलं असतं. लास्टननं स्वतःच सांगितलं होतं, आणि घरी कुणी तिला दोष दिला नसता. मावशी तर खूश झाली असती.

वडील दर वर्षी इथंच दम घ्यायला बसत असतील. दुसरी जागाच नव्हती. परत आल्यावर ते कधी या जागेचं बोलले नव्हते. रस्ता कसा होता विचारलं की 'होता' म्हणायचे. आता तिलाही कळलं, सांगण्यासारखं खूप होतं आणि सांगता येण्यासारखं थोडं. तो रस्ता आता तिला ठाऊक झाला होता, वळणावळणासकट, आणि तो भाच्याच्या वाट्याला जाणारा नव्हता. ती आणखी थोडा वेळ बसली, कारण ऊन छान होतं. मग उठून सायकलवर बसली. उतार एवढा होता की ब्रेक दाबून दाबून तिची बोटं बधिर झाली.

लास्टन अंगणात मक्याचं पोतं शिवत होता. त्यानं आधी सायकलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मास्तरीणबाई, तुम्ही खरंच आलात की काय? मी तर ट्रकवाल्याशी बोलून ठेवलं होतं, वाटेत कुणी रडत बसलेली दिसली तर उचलून आण म्हणून."

"काल रात्री मी तुझ्या थोरल्या मुखियाकडे पाहुणचार घेतला. तू गावाचं नाव अर्धंच सांगतोस."

"पूर्ण सांगितलं असतं तर तू लवकर आली असतीस," तो म्हणाला, आणि मग चेष्टा थांबवून दोन्ही हातांनी तिचे हात धरले.

तिनं सायकल त्याच्या बाजूला झुकवली. त्यानं मूठ धरली, पण पूर्ण ओढून घेतली नाही. एनिफानं हात सोडला.

तिला वाटलं होतं, आता तो सायकल पुसेल, सावलीत लावेल, चार लोकांना बोलावून दाखवेल. तसं काही झालं नाही. गिरणीत डिझेल आज दुपारपर्यंतच पुरणार होतं. लास्टननं ते सत्तर किलोचं पोतं उचलून सरळ सायकलच्या मागे टाकलं, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि म्हणाला, ताई, गिरणीचा चढ आहे, मागून जरा लावशील का हात? मार्चपासून त्या सायकलीवर कुणी पाण्याची बादलीसुद्धा ठेवली नव्हती, तिनंच ठेवू दिली नव्हती. मागचं टायर दबलं, चाक जरासं कुरकुरलं आणि फिरू लागलं.

तिनं पोत्याला दोन्ही तळवे लावले आणि ढकलू लागली. पुढे लास्टन मूठ धरून वाकलेला, मागे ती. ताई, ढकलतेस की टेकतेस, तो मधूनच विचारायचा. ती धापा टाकत आणखी जोर लावायची.

गिरणीसमोर बायकांची रांग होती. पिठानं पांढऱ्या झालेल्या गिरणीवालीनं दारातूनच विचारलं, ही कुणाची सायकल?

"मामांची," लास्टन म्हणाला.

"याची," एनिफा म्हणाली.

लास्टननं तिच्याकडे पाहिलं. मग रांगेकडे वळला. "ऐकलंत ना? माझी. आता नव्या सायकलवाल्याला जरा पुढे घ्या."

कुणी इंचभरही सरकलं नाही. एका बाईनं तर आपली पाटी मुद्दाम मागे ओढून घेतली. एनिफा हसत रांगेच्या शेवटी गेली, लास्टननं पोतं उतरवून तिच्यापुढे ठेवलं, आणि ती त्यावर बसून आपल्या पाळीची वाट बघू लागली.