तळ्याकाठची सर्दी

खात्यात तिला सगळे मोजणीवाल्या बाई म्हणत. कोर्टाच्या हुकमावरून अल्पवयीन मुलामुलींना जिथे ठेवलं जातं, त्या निरीक्षणगृहांचं कामकाज मोजायचं आणि त्यांना गुण द्यायचे, हे तिचं काम. मारामाऱ्या किती झाल्या, पळून जायचा प्रयत्न कुणी केला, तोडफोड किती, वर्गात हजेरी कशी. जिथे गडबड कमी, तिथे गुण जास्त. ही पद्धत तिनेच बसवली होती आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता. त्याआधी वरचे लोक गाडीतून उतरायचे, चहा प्यायचे, ‘सर्व ठीक’ असा शेरा मारायचे आणि निघून जायचे.

तळ्याकाठचं मुलींचं निरीक्षणगृह गेली काही वर्षं सगळ्यांच्या वर होतं. तिथे भांडणच होत नसे. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, “जरा जाऊन राहा तिथे. त्या बाई करतात तरी काय, ते नीट लिहून आणा. बाकीच्यांना तेच करायला लावू.”

ती गेली तेव्हा सकाळ बरीच वर आली होती, तरी तळ्यावरचं धुकं हललं नव्हतं. इमारतीचा खालचा मजला धुक्यात बुडालेला आणि वरचा नुसता तरंगत असल्यासारखा. फाटक उघडलं त्याचाही आवाज झाला नाही. आत लांबच लांब ओसरी, पांढरे पडदे, आणि पडद्यांमागून येणारा दुधट उजेड. मुली भिंतीकडेने एका रांगेत चालल्या होत्या. त्यांच्या चपला फरशीवर घासत होत्या, पण तो आवाजही कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता.

अधीक्षक बाई सामोऱ्या आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चेहऱ्यावर कायम काळजी. त्यांनी तिची बॅग स्वतःच्या हाताने उचलली.

“तुम्ही कशाला? द्या इकडे.”

“असू द्या हो. इतक्या लांबून आलात. आमच्या इथली हवा तशी चांगली आहे, फक्त सर्दीची आहे जरा.”

तेवढ्यात मोजणीवाल्या बाईंना शिंक आली, आणि दोघी हसल्या.

पहिला दिवस तिला फार आवडला. कबूल करायला हवं, इतकी शांतता तिने आयुष्यात कुठेच पाहिली नव्हती. बाकीच्या निरीक्षणगृहांतून ती डोकं धरून बाहेर पडायची. इथे वर्गात मुली हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि शिक्षिका नदीचा उगम शिकवत होती. जेवताना भांड्यांचा आवाज नाही. मैदानावर झोपाळा होता, त्यावर एक मुलगी बसली होती. झोका न घेता, नुसती.

“ही आमची भोवरा,” अधीक्षक बाई म्हणाल्या. “आली तेव्हा एका जागी टिकायची नाही. दार दिसलं की लाथ घालायची. सगळ्या मुलींनी मिळून नाव ठेवलं. आता बघा.”

भोवरा बघत होती ती तळ्याकडे. किंवा तळ्याच्या दिशेने. पंधरा-सोळा वर्षांची, हाडकुळी, केस घट्ट बांधलेले. मोजणीवाल्या बाई जवळ गेल्या तेव्हा तिने मान वळवली, पण नजर पोचायला थोडा वेळ लागला.

“काय गं, करमतं का इथे?”

“हो बाई.”

“काय आवडतं?”

मुलीने बराच विचार केला. “झोप,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिंका वाढल्या. नाक चोंदलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारच्या जेवणानंतर ओसरीच्या टोकाला सिस्टर ट्रे घेऊन उभी राहिली आणि मुली रांगेने पुढे सरकू लागल्या. प्रत्येकीला एक टोपण औषध. नारिंगी रंगाचं. मुली न सांगता तोंड उघडत होत्या.

“सगळ्यांनाच सर्दी?” तिने विचारलं.

“तळ्याची हवा,” सिस्टर म्हणाली. “तुम्हीही घ्या थोडं. आराम पडेल.”

औषध गोड होतं, संत्र्याच्या गोळीसारखं. ती खोलीत आली, लिहायला म्हणून कॉटवर टेकली, आणि कॉट सुटली. दोर सोडलेल्या होडीसारखी अलगद सुटली आणि खिडकीतून बाहेर, धुक्यात शिरली. खाली पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी निरीक्षणगृहाच्या मुली रांगेने चालत होत्या. त्यांचे केस वर तरंगत होते. ती त्यांना मोजायला लागली. मोजणं इतकं सोपं कधीच नव्हतं, कारण कुणी हलतच नव्हतं. एकेका मुलीपुढे आकडा आपोआप उमटत होता आणि तिला फार सुख वाटत होतं. मग रांगेत तिला तिची ताई दिसली, शाळेच्या वयाची. ताईचं तोंड उघडं होतं. ती ओरडत असणार, पण पाण्यात ऐकू काही येईना. मोजणीवाल्या बाईंनी तिच्यापुढेही आकडा टाकला आणि कॉट पुढे गेली.

जाग आली तेव्हा पडद्यावर उतरतं ऊन होतं. जीभ लाकडासारखी झाली होती. थंडी वाजत होती म्हणून तिने स्वेटर चढवला आणि गुंडी लावायला गेली, तर बोटं ऐकेनात. गुंडी काजाच्या आजूबाजूला फिरत राहिली. तिला आधी हसू आलं. मग ती तशीच, स्वेटर उघडा टाकून, बाहेर आली.

ओसरीच्या पायरीवर भोवरा बसली होती. तीही स्वेटरची गुंडी लावत होती. तशीच न ऐकणारी बोटं, तसंच चुकणारं काज. चिडत नव्हती, कंटाळत नव्हती. गुंडी निसटली की पुन्हा पहिल्यापासून.

मोजणीवाल्या बाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. दोघींचे स्वेटर उघडेच.

“हे औषध कधीपासून घेतेस?”

“आल्यापासून.”

“तुला सर्दी आहे?”

भोवराने नाक ओढून पाहिलं. नाक साफ होतं. “इथे सगळ्यांना असते,” ती म्हणाली.

तळ्याकाठी एक बाक होतं. त्यावर बसून मोजणीवाल्या बाईंनी ताईला फोन लावला. ताई गावातल्या बाजारात शिवणयंत्रं दुरुस्त करायची. फोनमागे कुणीतरी यंत्र चालवून बघत होतं.

“बोल गं चिमणे. आवाज का असा?”

“ताई, तू त्या... तिथे होतीस ना. निरीक्षणगृहात.”

यंत्र थांबलं. ताई सोळा वर्षांची असताना शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन पळाली होती, आणि पुढे बरेच महिने घरी नव्हती. धाकटीला सांगितलं होतं, ताई मावशीकडे शिकायला गेली. खरं काय ते घरात पुढे सगळ्यांनाच माहीत झालं, पण त्यावर कधी कुणी बोललं नाही.

“होते,” ताई म्हणाली. “आज काय अचानक?”

“कसं होतं तिथे?”

“कान किटायचे बघ. दिवसभर आरडाओरडा. मी तर रोज भांडायचे. एकीचा दात पाडला होता मी.” ताई हसली. “एक बाई होत्या. भांडण झालं की मला घेऊन जिन्यात बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. मी थंड होईपर्यंत आपल्या भाजी निवडत बसायच्या. पुढे पुढे मी थंड व्हायला शिकले. माझी मीच.”

“त्यांचे गुण फार कमी आले असते माझ्याकडे.”

“कसले गुण?”

“काही नाही. ताई, तू हे कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?” ताई म्हणाली. रागाने नाही. मग यंत्र पुन्हा सुरू झालं. “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीण बोलावली. डॉक्टरीण बाटली हातात धरून उजेडाकडे करून बघत राहिली आणि म्हणाली, “सर्दीचंच आहे. पण याने झोप येते, आणि हे रोज, तीन वेळा, वर्षानुवर्षं द्यायचं नसतं. कुणी लिहून दिलं?”

अधीक्षक बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

“एका हिवाळ्यात खरंच साथ आली होती. सगळ्या मुली खोकत होत्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी दिलं. त्या महिन्यात एकही भांडण झालं नाही हो. मला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. मग तुमच्या खात्याचं पत्र आलं, अभिनंदनाचं. साथ गेली, पण मी म्हटलं, राहू दे अजून आठवडाभर.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “मग राहिलंच ते. त्याआधी आमचा नंबर शेवटून होता. बैठकीत मला उभं करून विचारायचे.”

मोजणीवाल्या बाईंना त्या बैठका आठवत होत्या. शेवटून जे येत, त्यांना प्रश्न विचारायचं काम तिचंच असे.

“मुलींना तुम्ही मारलं असतंत तर मला सापडलं असतं,” ती म्हणाली. “हे कुठल्या रकान्यात बसतच नव्हतं.”

“मी हात कधी उचलला नाही. शप्पथ.”

“माहीत आहे.”

डॉक्टरिणीने औषध हळूहळू उतरवत बंद करायला सांगितलं आणि रोज येऊन मुलींना तपासायचं कबूल केलं. मोजणीवाल्या बाईंनी खात्याला कळवून मुक्काम वाढवला.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. निरीक्षणगृह एखाद्या अंगासारखं हळूहळू जागं होत गेलं, आधी बोटं, मग हात. एका सकाळी कुणीतरी खोकल्याचा आव आणून हसलं. दुसऱ्या दिवशी जेवताना वाटी पडली आणि सगळ्या दचकल्या, जणू वाटी पडते तेव्हा असा आवाज होतो हे विसरून गेल्या होत्या. मग पाण्याच्या नळावर पहिलं भांडण झालं. एक मुलगी दिवसभर रडत होती, घरच्यांपैकी कोण कोण भेटायला आलं नाही ते तिला एकदम आठवलं होतं. वर्गातल्या शिक्षिकेला कुणीतरी विचारलं, नदी उगमापाशी एवढीशी असते तर तिला नदी का म्हणायचं, आणि शिक्षिकेला उत्तर येईना. ती खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटली.

धुकंही त्या आठवड्यात विरळ झालं, किंवा तसं वाटलं. तळ्याच्या पलीकडे घरं आहेत हे मोजणीवाल्या बाईंना तेव्हा कळलं.

भोवराने सगळ्यात वेळ घेतला. मग एका दुपारी ती झोपाळ्यावरून उठली, ओसरीवर आली आणि खिडकीच्या काचेवर पेला फेकून मारला. काचा खळकन खाली आल्या. सगळ्या मुली जिथल्या तिथे थांबल्या. सिस्टर आपोआप औषधाच्या कपाटाकडे वळली, ते रिकामं होतं.

मोजणीवाल्या बाईंना कायदा, नियम, खात्याची परिपत्रकं सगळं पाठ होतं, पण अशा वेळी काय करायचं ते माहीत नव्हतं. तिला जिना आठवला. ती हळूच म्हणाली, “अधीक्षक बाई, स्वयंपाकघरात निवडायची भाजी आहे का?”

दोघींनी भोवराला मध्ये घेतलं आणि त्या जिन्यात बसल्या. भोवरा आधी किंचाळली, मग शिव्या दिल्या, त्यातल्या दोन तर मोजणीवाल्या बाईंनी कधी ऐकल्याही नव्हत्या. अधीक्षक बाई शेंगा सोलत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी शेंगांवर पडत होतं, तरी बोटं थांबली नाहीत. बऱ्याच वेळाने भोवरा म्हणाली, “माझ्या आजीला कुणी सांगितलंय का मी इथे आहे म्हणून?”

“नाही गं,” अधीक्षक बाई म्हणाल्या. “तू कधी बोलली नाहीस आजीबद्दल.”

“मला आठवतच नव्हती,” भोवरा म्हणाली, आणि एक शेंग उचलून सोलायला लागली.

अहवाल वाचून साहेबांनी तो मिटून बाजूला ठेवला. “मी तुम्हाला शिकून यायला पाठवलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही आमचं पहिलं निरीक्षणगृह शेवटचं करून आलात.”

“माझीच मोजपट्टी होती, साहेब. तीच चुकली.”

“मग आता मोजायचं काय?”

“आत्ता तरी माहीत नाही. पण वरच्या नंबरांची बाकीची निरीक्षणगृहं आधी बघून येते.”

ती गेली. दोन ठिकाणी असंच काही सापडलं, एका ठिकाणी औषध वेगळं होतं. बाकीची खरोखरच चांगली चालली होती, आणि ती कशी ते समजायला तिला तिथे राहावं लागलं. चौकशी झाली. सिस्टरची बदली झाली, औषधांवर जिल्ह्याच्या डॉक्टरांची नजर आली. गुण देणं वर्षभर थांबलं आणि नवी पद्धत ठरवायला बसलेल्या मंडळींत तिने दोन अशा बायका घेतल्या ज्या लहानपणी निरीक्षणगृहात राहून गेल्या होत्या. त्यांतली एक पहिल्या बैठकीला उशिरा आली, हाताला यंत्राचं तेल लागलेलं, आणि आल्या आल्या म्हणाली, “चहा सांगा आधी.”

भोवराची आजी फाटकापाशी येऊन तिला घेऊन गेली. जाताना दोघी पिशवी कुणी धरायची यावरून भांडत होत्या.

अधीक्षक बाईंना निरीक्षणगृहातून काढून खात्याच्या मुख्य कचेरीत बसवलं. मोजणीवाल्या बाईंच्याच दालनात, खिडकीकडच्या टेबलाशी. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत. मग एके दिवशी चहाच्या वेळी अधीक्षक बाईच उठून आल्या.

“गेला होतात ना परवा तळ्याकाठी? कशा आहेत मुली?”

“बऱ्या आहेत. ओरडतात फार. गेल्या आठवड्यात दोघी भिंतीवरून उड्या मारून तळ्यावर पोहायला गेल्या होत्या. ओल्याच परत आल्या.”

“आपणहून?”

“आपणहून.”

अधीक्षक बाई कप धरून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती, त्याचा गलका वरपर्यंत येत होता.

“मग झोपतात कशा?” त्यांनी विचारलं.

“दमून,” मोजणीवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.