फुटामागे एक सूत

कमळाकर नेमकं काय काम करतो, हे त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. "फाउंड्रीत सुतार हाय," एवढं सांगून तोही मोकळा व्हायचा. तळोज्याच्या त्या फाउंड्रीत तो लाकडाचे नमुने करायचा. पंप असो, मोटारीचं झाकण असो की कसलं अवाढव्य चाक असो, आधी ते कमळाकरच्या हातून लाकडात उतरायचं. मग त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंडाचा पंप देशोदेशी जायचा, लाकडाचा गोदामात धूळ खात पडायचा. उभी हयात माणसाने वस्तू केल्या, आणि त्यातली एकही स्वतः कुणाच्या कामाला आली नाही. याचं त्याला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण कुणी विचारलं तर ना!

म्हणूनच रिटायर झाल्यावर त्याने गिटार करायला घेतली तेव्हा भावकीत हसाहशी झाली. गिटार, तीही करंटवाली. दारातून कर्नाळा किल्ल्याचा अंगठा दिसतो अशा ठिकाणी छान घर बांधलंय, खालच्या मजल्यावर गाडी घेऊन ठेवायची, तर हा तिथे रंधा मारत बसलाय. कमळाकरने रंधा थांबवला नाही. गिटार दिपिकासाठी होती, आणि दिपिकाचं नाव काढलं की त्याचा आवाज घोगरा व्हायचा, त्यामुळे गप्प बसलेलं बरं.

दिपिका ही त्याची एकुलती एक लेक. हॅम्बुर्गला जहाजांच्या इंजिनांच्या कंपनीत होती. आई गेली तेव्हा धावत आली, दिवसकार्य उरकून परत गेली, ती गेलीच. दोनदा यायचं ठरलं आणि दोन्ही वेळा बारगळलं. फोन मात्र नेमाने यायचा. अशाच एका फोनवर ती सहज बोलून गेली, "इकडे थंडीत भर दुपारी काळोख होतो, बाबा. कॉलेजातली गिटार विकायला नको होती मी." तिने ते बोलून सोडून दिलं. कमळाकरने धरून ठेवलं.

लाकूड घरातच होतं. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं आणली, दारं आणली, कुणी तुळशीवृंदावन उचलून आणलं. कमळाकरने परसातला फणस आणला. शकूने, त्याच्या बायकोने, लग्नानंतर लावलेला. तो त्याने स्वतःच्या देखरेखीखाली कापून घेतला, फळ्या पाडल्या आणि नव्या घराच्या जिन्याखाली रचून ठेवल्या. कशाला, ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. शकू म्हणाली होती, "ठेव. लाकूड काय खायाला मागते?" आता फळीवर रंधा फिरवला आणि आतून हळदीसारखं पिवळं लाकूड निघालं, तेव्हा त्याने रंधा खाली ठेवला आणि एक ढलपी उचलून हुंगली. शकू धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारणीने धवला गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पनवेल-उरणच्या कितीतरी गावांतल्या पोरी शकूच्या आवाजावर सासरी गेल्या होत्या. स्वतःच्या पोरीच्या लग्नात मात्र तिला गायला मिळालं नाही. पोरीने लग्नच केलं नाही, आणि आई थांबली नाही.

विजेचं काम हाफिजचं. बाजारात त्याचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. हळदीच्या सीझनला सगळ्या बँजो पार्ट्यांचा जीव याच्या हातात असायचा. तारांखाली बसणारी, सूर पकडणारी कॉइल त्याने स्वतः गुंडाळून दिली. "कमळाकरभाई, बँजोला लावतो तीच जान लावलीय यात," तो म्हणाला. "दिपिका बेटीला सांगा, हाफिजचाचाचा सलाम आहे."

आणि जानेवारीत दिपिका खरंच आली.

तिने गिटार बघितली. हात फिरवत राहिली. मग मांडीवर घेतली, हाफिजने दिलेल्या जुन्या अँपला जोडली आणि वाजवायला लागली. कमळाकर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सूर खोलीभर पसरला, गोड, जाडसर. तिची बोटं गिटारीच्या लांब मानेवरून, म्हणजे नेकवरून, पुढे सरकू लागली. नेकवर धातूच्या आडव्या चिपा असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट जसं पुढच्या फ्रेटवर जाईल तसा सूर वर चढतो. दिपिका वरच्या फ्रेटवर गेली आणि तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित वाकडा झाला. लगेच ती खालच्या सुरांवर परत आली आणि तिथेच घुटमळत राहिली.

"भारी झालीय, बाबा," ती म्हणाली. "एक करू या. हिला इथेच ठेवू या. एवढी मोठी कुठे नेऊ? आले की वाजवीन ना मी."

आले की! कमळाकरच्या कानांनी तेवढेच दोन शब्द उचलले. इतक्या वर्षांत पोरीच्या तोंडून येण्याची गोष्ट आपणहून निघाली नव्हती. गिटार इथे राहणार, म्हणजे पोरीचं काहीतरी इथे राहणार. त्याला इतका आनंद झाला की तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि चहात दोनदा साखर घालून बसला.

आनंद दुपारपर्यंतच टिकला. दिपिका मावशीला भेटायला उरणला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा तो वाकडा ओठ कमळाकरला पुन्हा दिसला. तो ओठ त्याच्या ओळखीचा होता. कुणाच्या घरी कालवणात मीठ जास्त पडलं की शकूचा ओठ असाच व्हायचा. तोंडाने ती "झकास झालंय" म्हणायची आणि उरलेला भात ताकाशी खायची.

तो खाली कामाच्या खोलीत गेला. हाफिजला बोलावून घेतलं. हाफिजने फ्रेटमागून फ्रेट दाबत तार छेडली आणि मान हलवली. "खाली बरोबर आहे. वर जाल तसा सूर जास्त चढतोय. तार जिथे टेकते त्या ब्रिजचे स्क्रू फिरवून बघितले, पण तेवढ्याने भागत नाही. तुमच्या मापात काहीतरी खोट आहे, भाई."

माझ्या मापात? कमळाकरला हे झोंबलं. हाफिज गेल्यावर त्याने टेप काढला आणि सगळं पुन्हा मोजलं. ब्रिज बरोबर जागेवर होता. फ्रेट मात्र एकूण एक चुकलेले, आणि सगळे एकाच हिशेबाने पुढे. अंदाज आला तसा त्याने खण उघडला, फ्रेटच्या खुणा केल्या होत्या ती पोलादी मोजपट्टी बाहेर काढली आणि टेपला लावून धरली.

पट्टीचा एक फूट टेपच्या एका फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरला.

ती फाउंड्रीतली पट्टी होती. लोखंड निवलं की आकसतं, फुटामागे एक सूत. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि म्हणून नमुने करणाऱ्याची मोजपट्टीच मुळात वाढीव असते. जन्मभर हाताने तीच उचलली होती, गिटारीच्या वेळीही तीच उचलली. ब्रिजपर्यंतचं अंतर पट्टीत मावेना, म्हणून तेवढं टेपने घेतलं. झालं! कमळाकर स्वतःशीच मोठ्याने हसला. न आकसणाऱ्या लाकडात त्याने आकसायची सोय करून ठेवली होती.

उपाय सोपा होता. फ्रेटना हात लावायला नको. ब्रिज काढायचा, तार दोनेक फुटांची म्हणून दोन सूत मागे सरकवायचा, जुनी भोकं फणसाच्याच खुंट्यांनी बुजवायची. घटकाभराचं काम. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि त्याचा हात थांबला.

एवढी मोठी कुठे नेऊ, हे नुसतं निमित्त होतं. सूर बरोबर लागला, तर पोरगी गिटार घेऊन जाईल.

तो स्टुलावर बसला. कुणाला कळणार होतं? हाफिजला सांगायचं, जमलं नाही. दिपिका तर काहीच विचारणार नाही. गिटार भिंतीवर राहील, आणि "आले की वाजवीन" हेही राहील. दर वर्षी नाही, दोन वर्षांनी का होईना. त्याला लेक हवी होती हो, दुसरं काही नको होतं. जेवताना समोरच्या ताटाचा आवाज हवा होता. बाथरूममधून "बाबा, टॉवेल!" अशी हाक हवी होती. दोन सुतांत हे सगळं मिळत असेल तर कुठला बाप सोडील?

पण तो वाकडा ओठ काही समोरून हलेना. पोरगी येईल, गिटार मांडीवर घेईल, बापाचं मन राखायला खालच्या खालच्या सुरांत वाजवील आणि झकास म्हणेल. जन्मभर. कीव येऊन येणारी लेक त्याला नको होती. आणि खरं सांगायचं तर उभ्या हयातीत पहिल्यांदाच स्वतः कामाला येईल अशी वस्तू त्याने केली होती. तिलाही गोदामात टाकायची? त्याने डोळे पुसले आणि पहिला स्क्रू उलटा फिरवला.

दिपिका परतली तेव्हा उन्हं कलली होती. "जरा बघ गो," तो म्हणाला. "मना वाटते, आता बरी हाय."

तिने नुसतं त्याचं मन राखायला हातात घेतली. खाली वाजवली, मग सावधपणे वर गेली. एक सूर, दुसरा, तिसरा. तिने चमकून बापाकडे बघितलं. मग तिची बोटं अशी सुटली की विचारू नका. वाजवता वाजवता ती हळूच वेगळ्याच चालीवर आली आणि कमळाकरने चौकट घट्ट धरली. तो धवला होता. हळदीच्या सकाळी शकू जो उंच सूर लावायची, लावून धरायची, तो सूर फणसाच्या लाकडातून निघत होता. कमळाकर रडला, आणि ते लपवायच्या भानगडीत पडला नाही. दिपिकाही वाजवता वाजवता रडली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, मी हिला नेते."

"ने की. तुझीच हाय."

मग त्याने तिला काय चुकलं होतं ते सांगितलं, दोन्ही मोजपट्ट्या शेजारी धरून दाखवल्या. दिपिका ती वाढीव पट्टी हातात फिरवत राहिली. "म्हणजे आधीपासूनच जास्त ठेवायचं? आकसणार म्हणून?"

"निवलं की आकसतंच, गो. म्हनून आमी जास्त धरून चालतो."

पुढचे दिवस पेटी करण्यात गेले. प्लायवूडची, कडांना पत्रा, चांगली भक्कम. गिटार आत ठेवली तर चारी बाजूंनी बोटबोटभर जागा उरली. दिपिका खो खो हसली. "बाबा, इथेही?" कमळाकर ओशाळला. तिने कपाट उघडलं, आईची दोन लुगडी काढली आणि गिटारीभोवती नीट खोचली. पेटी गच्च भरली. झाकणाचे स्क्रू तिने स्वतःच आवळले, बापाला हात लावू दिला नाही.

विमान दिल्लीचं, तिथून पुढे हॅम्बुर्ग. निघायचं मात्र इथूनच, जिथे त्यांचं गाव होतं त्या नव्या विमानतळावरून. दारात उतरल्यावर दिपिकाने इकडेतिकडे बघितलं. "आपला फणस कुठल्या बाजूला होता?" कमळाकरलाही नक्की सांगता येईना. त्याने धावपट्टीकडे कुठेतरी हात केला. दिपिकाने पेटीवर, आतल्या फणसावर, हात ठेवला. ती पाया पडली. परत कधी येशील, हे विचारायचं त्याने घरून ठरवून आणलं होतं. पेटी ढकलगाडीवर नीट बसवता बसवता ते राहून गेलं.

घरी येऊन तो खालच्या खोलीत गेला. उगाच काहीतरी आवरायचं म्हणून खण उघडला. टेप होता. पट्टी नव्हती. स्टुलाखाली बघितलं, रंध्यामागे बघितलं, भुश्शात हात घालून चाचपलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, बसले विमानात. ऐक, तुझी ती मोठी पट्टी शोधू नकोस. पेटीत आहे, आईच्या लुगड्यात."

"तुना कशाला हवी ती?"

"मला नकोच आहे. आणून द्यायला येईन." मागे विमानातली घोषणा ऐकू आली. "तुला लागते ना रे ती?"

कमळाकरने रिकाम्या टेबलाकडे बघितलं. फाउंड्री सुटून वर्षं झाली होती. लोखंड ओतायचं नव्हतं, नमुना करायचा नव्हता. त्या पट्टीने आता जगात कुणाचं काही अडत नव्हतं.

"लागते तर," तो म्हणाला. "रोज लागते. लवकर आन, गो बाय."