एकच वाचक

"काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं सदर शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस दिसतो. तोही चेन्नईतलाच," पुण्याहून फोनवर ऋचा म्हणाली. बातम्यांच्या संकेतस्थळाची ती संपादक. "लोकांना आता अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लागतो. साहेब बंद करा म्हणतायत."

बँकेतून निवृत्त झालेल्या विद्युलताबाई अड्यारला बसून दर शुक्रवारी चेन्नईविषयी लिहीत. जवळच्या कोवलमची मासळी, शेजारणीची दारातली कोलम रांगोळी, काहीही. त्यांना फार लागलं. पण तो एकटा कोण, हे मात्र त्यांनी तेव्हाच ओळखलं. लेखाखाली न चुकता 'उत्तम' आणि आपला पत्ता लिहिणारे शेषाद्री राव, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेले तंजावरी मराठी. बाई तडक शहरातच तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेल्या.

"अय्यो! एकटा मी कसा?" राव चकित झाले. "मी मोठ्यानं वाचतों, सगळी ऐकतात. घरात मराठीच बोलतों, पण नागरी अक्षर कोणास येतं? सगळी तमिळ शिकलीं. मी रेल्वेत असतां सोलापुरास शिकलों. माझं वाचणं रेकॉर्ड करून मदुरैस, कोईंबतुरास पण पाठवतों."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी मोजणीची भानगड समजावली: ज्याच्या फोनवर लेख उघडतो, तोच वाचक.

"इतकंच ना? सगळ्यांस उघडायास सांगतों."

सांगितलंही. पुढच्या शुक्रवारी अवघ्या गोतावळ्याने इमानेइतबारे लेख उघडला, अक्षरं पाहून लगेच मिटला आणि रावांच्या आवाजाची वाट पाहत बसला.

"काकू, एकदम एवढे लोक आले आणि लगेच गेले!" ऋचाचा फोन आला. "कुणीतरी मुद्दाम क्लिक करतंय, असं साहेबांना वाटतंय."

बाईंनी खरं ते सांगितलं. ऋचा खूप हसली. "किती गोड आहे हो हे. पण ऐकणारे आमच्या मोजणीत येत नाहीत, काकू."

सदर बंद झालं. शुक्रवारी मात्र बाई सवयीने लिहायला बसल्या आणि कागद घेऊन तिरुवल्लिकेणीची बस पकडली.

रावांकडे मंडळी नेहमीसारखी जमलेलीच होती. बाईंनी कागद रावांपुढे धरला. रावांनी तो घेतला नाही. वाचायची आपली खुर्ची त्यांनी बाईंकडे सरकवली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुडघे धरत खाली सतरंजीवर मंडळींत, आपल्या बहिणीशेजारी बसले.

"वाचा," ते म्हणाले. "मज कधी नुसतं ऐकायास मिळालंच नाही."