कोरड्या रस्त्यावरचं चाकबंधन

त्या गुरुवारी रायपूरच्या रिंग रोडलगतच्या मैदानात पन्नासेक पिकअप गाड्या रांगेनं उभ्या होत्या. गोल बाजाराची भांडी वाहणाऱ्या, मंडीतला भाजीपाला वाहणाऱ्या, सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या. ड्रायव्हर होते, त्यांच्या बायका होत्या, आणि सगळ्यांचे डोळे रस्त्यावरच्या एकाच गाडीच्या मागच्या चाकावर खिळले होते. अपघात टळावा म्हणून मंत्रानं गाड्यांची चाकं 'बांधून' देणाऱ्या हिरालाल महाराजांची ती स्वतःची पिकअप होती.

"देखो भक्तों, ये है बिना बंधन का चक्का," महाराज माइकवर म्हणाले.

ड्रायव्हरनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी गरगरलं, खालचा राडा उडाला, गाडी तसूभर हलली नाही. बायांनी पदर तोंडाला लावले.

मग विधी झाला. चाकाला हळद, भस्म, लाल धागा. चेल्यांनी गाडी दोन हात पुढे ढकलली, पुढचा रस्ता झाडून 'शुद्ध' केला, आणि बारा भक्त 'साक्षीला' म्हणून मागच्या हौद्यात चढले. ड्रायव्हरनं पुन्हा तसाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी गोठ्याकडे निघालेल्या गायीसारखी निमूट पुढे गेली.

"शनि का भी चक्का, समय का भी चक्का, और तुम्हारी गाड़ी का भी चक्का. मैं चक्के को चक्के से बाँधता हूँ." महाराजांच्या बोलण्यात चक्के पुष्कळ होते, फक्त बोलणं कुठे पोचत नव्हतं. पण जयजयकार उठला आणि रांग पुढे सरकली.

त्या गर्दीत बूढ़ापारा मोहल्ल्यातले अनंतराव उभे होते. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत चौतीस वर्षं इंजिन चालवून निवृत्त झालेले. ते इथे बायकोसाठी येत. शेजारी कुमुदताई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. सहा महिन्यांत त्यांची पाठ वाकली होती.

त्यांचा एकुलता मुलगा विशाल याच महाराजांकडून चाक बांधून घेऊन पिकअप चालवायचा. पावसाळ्यात धमतरीकडून रिकामी गाडी घेऊन परतताना ओल्या वळणावर चाकं सरकली आणि गाडी झाडावर गेली. एकतीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर कुमुदताई महाराजांच्या पायाशी गेल्या. महाराज म्हणाले, "बंधन तो पक्का था, माई. घर की औरत से कोई चूक हुई होगी."

कुमुदताईंना चूक आठवली. एका गुरुवारी चक्कर आली म्हणून बंधनासाठी धरलेला उपास सुटायच्या आधी त्यांनी दोन घास खाल्ले होते. तेव्हापासून त्या एकवेळच जेवत. "मीनंच खाल्लं माझं लेकरू," असं त्या भाजी निवडतानाही पुटपुटत.

अनंतरावांनी समजावून पाहिलं होतं. पण महाराजांच्या शब्दापुढे त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं. म्हणून आज ते महाराजांच्या तोंडाकडे न बघता खाली रस्त्याकडे बघत होते. पहिल्या खेपेआधी एका चेल्यानं चाकाखाली बादलीभर 'गंगाजल' ओतलं होतं आणि मूठमूठ धानाचा भुसा टाकला होता. नैवेद्य म्हणून.

ते गर्दीतून पुढे गेले. त्यांनी शालिग्रामला हाक मारली. हा विशालच्याच स्टँडवरचा जुना ड्रायव्हर, रांगेत नंबर लावून उभा होता.

"महाराज, याच्या गाडीला अजून बंधन नाही. याच कोरड्या रस्त्यावर त्याला एकदा दाबू द्या."

"बिना बंधन के जोखिम है," महाराज म्हणाले.

"माझा मुलगा बंधनातच गेला," अनंतराव म्हणाले. "जोखीम मी घेतो."

शालिग्राम "हव, बड़े भैया" म्हणत गाडीत बसला. गाडी रिकामी, चाकाला ना हळद ना धागा. त्यानं जोरात दाबलं. चाक जागच्या जागी गरगरलं नाही. गाडी सरळ पुढे गेली.

तेवढ्यात गर्दीतली कलावती भाजीवाली म्हणाली, "अब महाराज की बँधी गाड़ी को भूसे पे खड़ी करो. और सबको उतारो."

चेले आडवे आले, पण हौद्यातले भक्त उतरले आणि चार ड्रायव्हरांनी गाडी मागे भुशावर ढकललीच. महाराजांच्या ड्रायव्हरनं दाबलं. भस्म लावलेलं, धागा बांधलेलं चाक भुशात गरगरलं.

"शंका से बंधन टूट गया," महाराज म्हणाले. मग माइक बंद पडला.

"यात माझी काही हुशारी नाही," अनंतराव लोकांना म्हणाले. "इंजिन इतकं जड काहून बनवतात? चाक रुळावर दाबून राहावं म्हणून. तरी पाण्यात घसरलं तर आम्ही रुळावर रेती सोडत होतो. तुमची गाडीही जड आहे. कोरडं डांबर रबराला धरून ठेवते. नव्या गाडीतला कंप्युटर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला पुरा जोर लावू देत नाही. मग चाक जागेवर गरगरणार कसं? वर बारा माणसं बसवली तर अजूनच दाबते. पण रस्ता ओला, गाडी रिकामी आणि टायर घासलेला असला, की पकड सुटते. जागेवर सुटते, तशी वळणावरही सुटते."

अर्धी रांग मोडली. अर्धी तशीच उभी राहिली.

मैदानाच्या कडेला कुमुदताई एका दगडावर बसल्या होत्या. अनंतराव जवळ गेले.

"म्हणजे माझ्या त्या दोन घासांनी काही झालं नाही?"

"काहीच नाही. टायर गुळगुळीत झाले होते, कुमुद. बाकी काही नाही."

त्या रडल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटातून रडल्या. अनंतरावांना वाटलं, सुटली बिचारी. मग कुमुदताईंनी डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"तुम्हाले हे सारं आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्याले काहून नाही सांगितलं?"

अनंतराव दगडाशेजारी खाली बसले.

"त्यानं विचारलं होतं मले," ते म्हणाले. "बाबा, टायर बदलू का, की बंधन हाये तर चालून जाईल? तू सैपाकघरातून म्हणाली, महाराजांनी बांधलं हाये ना. घरात वाद नको म्हणून मी पेपर वाचत राहिलो."

कुमुदताई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला नाही, पण त्या एकट्या पुढेही गेल्या नाहीत. दोघं बरोबर चालत ऑटोपर्यंत गेले.

आता अनंतराव दर गुरुवारी पिकअप स्टँडवर जातात, वाकून टायर बघतात आणि घासलेला दिसला तर तोंडावर सांगतात. काहीजण चिडतात. चिडू देत. चाकाला मंत्र कळत नाही. त्याला वजन, रबर आणि रस्ता एवढंच कळतं. ज्याला हे ठाऊक आहे त्यानं वेळेवर बोलावं, घरात वाद झाला तरी बोलावं. वाद दोन दिवसांत निवतो.