दोघींत एक गोळी

"तुझा तुकडा मोठा आलाय."

"मोठा नाही आला. तुला दुसऱ्याच्या ताटातलं नेहमीच मोठं दिसतं," थोरली म्हणाली आणि भरतकामाची कात्री पुसून शिवणाच्या डब्यात ठेवली.

रोज सकाळी चहाआधी दोघी बहिणी कोलेस्टेरॉलची एक गोळी निम्मी निम्मी करून घ्यायच्या. डॉक्टरांची चिठ्ठी थोरलीच्या नावाची. धाकटी बस चालवायची आणि बस कंपनीचा नियम होता, हृदयासाठीचं कुठलंही औषध सुरू झालं की ड्रायव्हरनं सीटवरून उतरायचं. गावात डॉक्टर एकच, कंपनीचे डॉक्टरही तेच. त्यांना सांगणं म्हणजे कंपनीलाच सांगणं. पण वडील पन्नाशी न बघता हृदयविकारानं गेले होते, काका त्यांच्या मागोमाग. बाजारात रक्त तपासणीचा तंबू लागला तेव्हा धाकटीनं थोरलीचं नाव सांगून हात पुढे केला होता आणि आकडा ऐकून तिची पाचावर धारण बसली होती. एरवी घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. डेपोत तिला सगळे फौजदार म्हणत.

"आज सभेत मी बोलणार आहे," धाकटी म्हणाली.

या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकू द्याव्यात का, यावरून गावात दोन तट पडले होते आणि त्यासाठीच सभा बोलावली होती. न्हाव्याच्या खुर्चीत तोच विषय, बसमध्ये तोच. ज्यांना कोलेस्टेरॉल शब्द धड उच्चारता येत नव्हता तेही तावातावानं भांडत होते.

"दुकानात जायचं, मागायचं, घ्यायचं. कुणाच्या बापाचं काय जातं?" धाकटी म्हणाली.

"बोल की. पण आपलं काढू नकोस."

"आपलं कशाला काढीन? खुळी आहे का मी?"

सभागृहाच्या पायऱ्या चढताना थोरली कठड्याला धरून चढली. धाकटी पुढे जाऊन जागा धरण्याच्या गडबडीत होती.

औषधांचा दुकानदार आधी बोलला. डोकेदुखीची गोळी मिळते तशी ही मिळाली तर किती जीव वाचतील, असं त्यानं तळमळीनं सांगितलं. धाकटीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टर उठले.

"गोळी चांगलीच आहे. पण काहींना ती सोसत नाही. पिंडऱ्या दुखतात, जिना चढवत नाही. लोकांना वाटतं, वय झालं. अशा वेळी कुणीतरी नीट विचारायला हवं, गरज पडली तर गोळी थांबवायला हवी. दुकानाच्या गर्दीत कोण विचारणार?"

थोरलीनं पिंडरीवरचा हात पटकन मांडीवर घेतला. धाकटीनं तो पाहिला.

"पाय कधीपासून दुखतायत?" तिनं हळूच विचारलं.

"शिलाई मशीनमुळे दुखतात गं."

"ताई."

"थंडीपासून," थोरली म्हणाली. "विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हणाले. त्यांनी गोळी बंद केली असती, मग तू काय घेतलं असतंस?"

वडिलांच्या पश्चात जिनं धाकटीला स्वतःचे कपडे उसवून कपडे शिवले, ती बाई आता तिच्यासाठी पाय गमावायला निघाली होती. आधी तिला थोरलीचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग त्या नियमाचा असा काही संताप आला की आपण उभ्या राहिलोय हे तिला नंतर कळलं.

"मी बस चालवते. माझ्या नावाची चिठ्ठी नाही. बहिणीच्या गोळीतली अर्धी मी खाते."

थोरलीनं तिचा पदर ओढला. पुढच्या रांगेत बसलेले डेपो मॅनेजर मान वळवून बघू लागले.

"डॉक्टरसाहेब, विचारणारं माणूस हवं हे पटलं मला. हिनं तुम्हाला खोटं सांगितलं ते माझ्यापायी. पण मी तुमच्याकडे का आले नाही, तेही विचारा ना! गोळी घेणाऱ्याला सीटवरून उतरवतात आणि दुखणं लपवून गाडी हाकणाऱ्याची पाठ थोपटतात. चिठ्ठी ठेवा, नाहीतर काढून टाका. आजार सांगितला की पोटावर पाय येणार असेल, तर लोक चोरूनच खाणार. नाहीतर न खाता मरणार."

"बाई, हा आजचा विषय नाही. खाली बसा," मॅनेजर म्हणाले.

"अख्खी नोकरी बसूनच केली, साहेब. आज जरा उभी राहते."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"उद्या दोघी दवाखान्यात या," ते म्हणाले. "आधी ताईंचे पाय बघू. पण तुमचं मला कंपनीला कळवावं लागेल."

"कळवा."

थोरलीची गोळी थांबली, धाकटीला तिच्या नावाची चिठ्ठी मिळाली. आणि पुढची तपासणी होईपर्यंत म्हणून कंपनीनं तिला डेपोच्या फाटकावर, बस सोडायचा आडवा दांडा वरखाली करायला उभं केलं. ती तपासणी कधी होणार, हे मात्र कुणी सांगेना. पहिल्या सकाळी धुरात उभं राहून तिला रडू आलं. नाक शिंकरून तिनं ते वाटेला लावलं.

तेवढ्यात तिचीच बस आली. चालवत होता पैलवान, तिच्याच पाळीतला जुना ड्रायव्हर. तिची सीट त्यानं पार मागे सरकवली होती. दांड्याजवळ गाडी थांबवून तो खिडकीतून वाकला.

"फौजदार," तो कुजबुजला, "आमच्या घरातही दोघं तुझ्या वडिलांसारखेच गेलेत. त्या डॉक्टरकडे कुणाला न कळता जाता येतं का गं?"

"ऐकू नाही आलं."

त्यानं आरशात मागे पाहिलं. मागे गाड्यांची रांग लागत होती. मागचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काय झालं म्हणून ओरडत होता.

"दांडा उचल ना. सगळे बघतायत."

"बघू देत. मोठ्यानं विचार, मग उचलते."

मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा. धाकटी दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. पैलवानानं तिच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि घसा खाकरला.